चष्मे : एकूण नऊ

आईला जाऊन तीन महिने झाले आणि बाबांनी जुनं घर सोडून नीटसकडे राहायला यायचं असं ठरलं, तेव्हा बाबांची अडचण कुणालाच वाटली नाही. बाबा एकटे होते. अडचण होती ती सामानाची. ते चाळीस वर्षांचं होतं आणि नीटसच्या घरात खोल्या दोन.

नीटस हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाच वर्षांचा असताना तो दारातल्या चपला मापानुसार ओळीत लावून ठेवायचा आणि निघालेल्या पाहुण्यांनी ओळ मोडली की भोकाड पसरायचा, म्हणून आईनं ठेवलेलं हे नाव. पुढे तो संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला लागला, त्याचं लग्न झालं, कानांवरचे केस पांढरे झाले, पण नाव काही सुटलं नाही. सुटावं असं त्याच्या हातून काही घडलंही नाही.

दुसऱ्या कुणी असतं तर चार खोकी आणली असती आणि बांधाबांध सुरू केली असती. नीटसनं लॅपटॉप उघडला. चार दिवस तो जुन्या घरात जमिनीवर मांडी घालून बसला आणि घरातली एकेक वस्तू जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत चढवत गेला. वस्तू, रंग, आकार, शेरा आणि अवस्था दहापैकी किती, अशी प्रत्येकीची माहिती तिच्या स्वतःच्या महिरपी कंसात.

"हे काय चाललंय?" बाबांनी दारातून विचारलं.

"अ‍ॅरे करतोय, बाबा."

"म्हणजे?"

"म्हणजे यादी."

"मग यादी म्हण की."

"यादी म्हटलं की कुणी मान देत नाही."

आई गेल्यापासून बाबा कशालाच फारसं काही बोलत नसत. ते आत जाऊन पलंगाच्या कडेला बसले, आपल्या नेहमीच्या बाजूला.

यादी चारशे बारा वस्तूंची झाली. त्यात एकसारख्या वस्तूच इतक्या निघाल्या की नीटस चक्रावून गेला. गाळण्या तीन, कात्र्या पाच, टॉर्च सहा. आणि चष्मे नऊ. काळ्या फ्रेमचे, चौकोनी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे.

चष्म्यांचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. पानभर मजकुरातला हरवलेला अनुस्वार ते हातभर अंतरावरून पकडत, पण स्वतःच्या कपाळावर सरकवलेला चष्मा त्यांना सापडत नसे. आई शाळेत ग्रंथपाल होती. मागणी असलेल्या पुस्तकाच्या जादा प्रती ठेवाव्यात तसे तिनं एकाच फ्रेमचे चष्मे करून घरभर पेरून ठेवले होते. बाबांनी हात पुढे केला की हाताला चष्मा लागलाच पाहिजे, अशी तिची व्यवस्था.

नीटसनं यंत्राला सांगितलं, एकसारख्या वस्तू एकत्र कर आणि मोज. यंत्रानं क्षणात उत्तर दिलं: वस्तू चारशे बारा, प्रकार चारशे बारा, प्रत्येकी एक.

नीटस स्वतःशीच हसला. नवशिके हमखास इथेच ठेच खातात, हे तो ऑफिसात नव्या मंडळींना दर वर्षी शिकवायचा. त्या भाषेत दोन वस्तूंची माहिती अक्षरन्‌अक्षर सारखी असली तरी त्या दोन वस्तू एक धरल्या जात नाहीत. यंत्राच्या मेमरीत प्रत्येकीची जागा वेगळी असते आणि ते जागा बघतं, रूप बघत नाही. म्हणजे नऊ चष्मे त्याच्या लेखी नऊ वेगवेगळे. "मठ्ठ कुठलं," असं म्हणून नीटसनं नेहमीचा उपाय केला. वस्तू, रंग, आकार आणि शेरा जोडून प्रत्येकीची एक चिठ्ठी बनवायची, सारख्या चिठ्ठ्या एका ढिगात टाकायच्या आणि ढीग मोजायचे. अकरा ओळींचं काम.

आता यंत्र शहाण्यासारखं बोललं. गाळणी तीन, कात्री पाच, टॉर्च सहा. पण चष्म्यांपाशी ते अडलं. चष्मा, काळा, चौकोनी: आठ. आणि त्याखाली चष्मा, काळा, चौकोनी, निळा दोरा: एक.

हे नीटसच्या डोळ्यांत खुपलं. त्यानं चष्मे ओळीनं मांडून पाहिले. खरंच, एकाच्या काडीला बिजागरीपाशी निळ्या दोऱ्याचे चारपाच वेढे होते. बाबांनी बिजागरी सैल झाली म्हणून काहीतरी जुगाड केलं असणार, असं त्याला वाटलं. हलवून पाहिली तर घट्ट होती. त्यानं पाचांपैकी एक कात्री घेतली, दोरा कापला, चष्मा ओल्या फडक्यानं पुसून ओळीत परत ठेवला आणि यादीतला शेरा खोडून टाकला. मग पुन्हा प्रोग्रॅम चालवला. चष्मा, काळा, चौकोनी: नऊ. त्याला फार बरं वाटलं. गेल्या तीन महिन्यांत त्याला बरं वाटलं ते हे असं, एखादी गोष्ट जुळली की तेवढ्यापुरतं.

पुढचा नियम सोपा होता. प्रत्येक ढिगातली सर्वांत चांगल्या अवस्थेतली एक वस्तू ठेवायची, बाकीच्या देऊन टाकायच्या. चष्म्यांपैकी आठांवर ओरखडे होते, काड्या वाकल्या होत्या, एकाला तर चहाचा डाग होता. एकच होता दहापैकी दहाचा, काचेवर चरासुद्धा नसलेला. इतकं जपून वापरलेलं काही बाबांकडे निघावं याचं त्याला कौतुकच वाटलं. तो चष्मा त्यानं डबीत घालून बाबांच्या हातात दिला. "बाबा, आता हा एकच. जपायचा." बाबांनी मान डोलावली. उरलेले आठ चष्मे आणि पाच टॉर्च नीटसच्या घरापासून दोन गल्ल्यांवर असलेल्या वृद्धाश्रमात गेले.

एका वस्तूला मात्र जोडच नव्हती. ती म्हणजे आईची लांबट जाड वही. घरातली कोणती वस्तू कुठे आहे, किती आहे, कधी घेतली, कोणी बिघडवली, हे सगळं तिनं त्या वहीत अकारविल्हे बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. आई गेल्यापासून बाबा रोज सकाळच्या चहाबरोबर तिचं एक पान वाचत. एकच, म्हणजे वही लवकर संपणार नाही. घर सोडायच्या आदल्या दिवशी त्यांचा घ संपला होता, घड्याळं आणि घासण्या.

नव्या घरी येऊन सहा दिवस झाल्यावर नीटसच्या बायकोनं त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"बाबांच्या वहीतली खूण हलत नाहीये."

"म्हणजे?"

"रविवारपासून तेच पान. मी विचारलं तर म्हणाले, मजकूर दाट आहे, सावकाश वाचतोय."

"मग वाचत असतील सावकाश."

"अरे, छत्तीस वर्षं दिवसाला शंभर पानं वाचलेला माणूस तो! आज परत विचारलं तर म्हणाले, सूनबाई, डोळे गेले माझे. इथे आल्यापासून अक्षरांच्या मुंग्या होतात. रडण्यानं जातात म्हणतात, तसे गेले असतील."

"मला का नाही बोलले?"

"तेही विचारलं मी." तिनं पदार्थ ढवळायचा चमचा उगाचच पुसला. "म्हणाले, दोन खोल्यांत आधीच एक माणूस वाढलाय. तो वर आंधळा आहे, हे पोराला कुठल्या तोंडानं सांगू?"

बाबा रडतात हेच नीटसला माहीत नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात ते कधी आणि कुठे रडत असतील, हे त्याला उलगडेना. त्यानं लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, ती पुढच्या गुरुवारची मिळाली. ऑफिसात काही बिघडलं की हा माणूस सगळ्यांत आधी विचारायचा, शेवटचं काय बदललं होतं? घरात मात्र तो प्रश्न त्याला सुचला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी ताईचा फोन आला.

"उद्या येतेय. बाबांना बघून जाईन. आणि हे बघ, मला काही नको. भांडी नकोत, कपाट नको, काही नको. फक्त आईचा चष्मा काढून ठेव."

"आईचा कुठला?"

"कुठला म्हणजे? एकच तर होता. बाबांच्यासारखीच फ्रेम, ती म्हणायची, एवढ्या घेतल्याच आहेत तर माझ्यासाठी वेगळी कशाला शोधू. म्हणून तर काडीला दोरा गुंडाळायची, अदलाबदल होऊ नये म्हणून. निळा."

नीटस खाली बसला. खुर्ची थोडी लांब होती.

"हॅलो? काय पडलं?"

"काही नाही. ताई, निळा म्हणजे नक्की कुठला निळा?"

"अरे, निळा तो निळा! आहे ना नीट ठेवलेला?"

"आहे," नीटस जमिनीवरून म्हणाला.

रात्रभर त्यानं हिशेब केला. दोरा कापल्यावर चष्मा ओळीत ठेवला तो कितवा, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, कारण तसं सांगता येऊ नये याचीच तर त्यानं व्यवस्था केली होती. नवापैकी आठ वृद्धाश्रमात, म्हणजे आईचा चष्मा तिथेच असण्याची शक्यता नवात आठ. एवढी शक्यता असली की लोक पूल बांधतात. सकाळी तो वृद्धाश्रमाच्या दारात उभा होता.

"दिलेली वस्तू परत मागायला आलात?" व्यवस्थापिका बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"परत नको. फक्त तपासून आणतो. त्यातला एक माझ्या आईचा आहे."

"मग आईंनाच पाठवायचं, त्या ओळखतील."

"ती नाही आता."

बाई त्याला दिवाणखान्यात घेऊन गेल्या. तिथे आठ म्हातारी माणसं वर्तमानपत्रं, पत्ते आणि शब्दकोडी घेऊन बसली होती आणि आठांच्या नाकावर बाबांची काळी चौकोनी फ्रेम होती. नीटसला एकदम आठ ठिकाणी बाबा दिसले.

त्यानं सगळी हकीकत सांगितली. एक निवृत्त गणिताच्या बाई म्हणाल्या, "दोन वर्षांनी कोडं सोडवायला बसलेय मी, आणि आडवे सहा आत्ता कुठे सुटतंय." दुसऱ्या आजी चष्मा दोन्ही हातांनी धरून बसल्या. त्यांना त्यातून काही दिसत होतं का, असं नीटसनं विचारलं. "दिसत काही नाही," आजी म्हणाल्या, "पण शोभतो की नाही?"

शेवटी कोपऱ्यातले एक उंच गृहस्थ उठले. हे जन्मभर स्टेशनमास्तर होते आणि इथेही बाकीचे त्यांच्या शिट्टीवर चालत. "चष्मे मिळतील," ते म्हणाले. "अर्धा तास. तारण काय ठेवताय?"

"तारण?"

"मनगटावर काय आहे ते?"

नीटसनं मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. मास्तरांनी ते आपल्या हातावर बांधलं, वेळ पाहिली आणि स्वतःच्या नाकावरचा चष्मा सगळ्यांत शेवटी नीटसनं आणलेल्या डब्यात ठेवला. "मी आयुष्यात एक गाडी उशिरा सोडलेली नाही," असंही बजावलं.

चष्म्याचं दुकान कोपऱ्यावरच होतं. दुकानदारानं एकेक चष्मा यंत्रात धरला आणि वाचत गेला. "अडीच. अडीच. हाही अडीच. अहो, हे सगळे अडीचचेच आहेत, जवळचं वाचायचे. आठही एकाच माणसाचे."

"नक्की? एखादा लांबचं बघायचा असेल. माझी आई लांबचं बघायला लावायची."

"यात नाही. आणखी आहे का एखादा?"

"नववा आहे."

"मग तो कुठाय?"

नीटसनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. दहापैकी दहा. काचेवर चरासुद्धा नाही. हे बाबांकडे निघालं म्हणून त्याला कौतुक वाटलं होतं, आणि आईनं जन्मभर कुठली वस्तू जपून वापरली नव्हती? इथे आल्यापासून अक्षरांच्या मुंग्या. शेवटचं काय बदललं? तो डबा छातीशी धरून दुकानातून जो पळत सुटला तो दुकानदाराला धन्यवाद द्यायलाही थांबला नाही.

घरी ताई येऊन पोचली होती. ती बाबांजवळ खिडकीत बसली होती आणि बाबांच्या मांडीवर वही उघडी होती, च वर. त्यांच्या नाकावर आईचा चष्मा होता. ताई ज्यासाठी एवढ्या लांबून आली होती ती वस्तू तिच्यापासून वीतभर अंतरावर असूनही तिला ओळखू आली नव्हती. दोरा नव्हता ना.

"बाबा, तुमचे डोळे गेलेले नाहीत," नीटस धापा टाकत म्हणाला. "मी घालवले."

मग तो सगळं बोलला. दोरा, कात्री, ओलं फडकं, अकरा ओळी. ताईनं मध्येच एकदा "नीटस!" असं म्हटलं, अगदी आईसारखं. बाबांनी चष्मा काढून हातात घेतला आणि ते त्याच्या काडीवरून, बिजागरीपाशी, अंगठा फिरवत राहिले. नीटसनं डब्यातला हाताला लागेल तो चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. त्यावर चहाचा डाग होता.

बाबांनी वहीकडे पाहिलं. आठवड्यानं त्यांना तिचं अक्षर दिसलं. मग छापखान्यात मूळ प्रत वाचून दाखवत, तसं विरामचिन्हांसकट ते मोठ्यानं वाचायला लागले.

"चमचे पूर्णविराम. मोठे अकरा स्वल्पविराम, बारावा नीटसनं लहानपणी कुंडीत पुरला पूर्णविराम. चष्मे पूर्णविराम. एकूण नऊ पूर्णविराम. आठ ह्यांचे पूर्णविराम. नववा माझा स्वल्पविराम, काडीला निळा दोरा पूर्णविराम. दिसायला सगळे सारखे स्वल्पविराम, म्हणून दोरा सुटला तर लगेच बांधावा पूर्णविराम. ह्यांना चुकून माझा लागला तर ह्यांना काही वाचता येणार नाही स्वल्पविराम, आणि हे कुणाला सांगणारही नाहीत पूर्णविराम. लक्ष ठेवावं."

इथला पूर्णविराम बाबांनी म्हटला नाही. ते वहीवर हात ठेवून बसून राहिले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिघं एका खोलीत एकत्र रडली, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सूनबाईही.

थोड्या वेळानं बाबांनी आईचा चष्मा पुन्हा नाकावर चढवला आणि ते उठून कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले. आरशाला नाक लागेल इतके जवळ.

"सगळं धुरकट दिसतंय," ते म्हणाले. "सुरकुत्या नाहीत, काही नाही. आत्ता कळलं, ती मला जन्मभर देखणा का म्हणायची."

ज्याचे डोळे असतील त्याला त्याच्या चष्म्यातून स्वच्छच दिसतं, हे नीटसच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं एक चूक जशीच्या तशी राहू दिली.

तेवढ्यात फोन वाजला. "एक तास दहा मिनिटं," पलीकडून स्टेशनमास्तरांचा खोलीभर ऐकू जाईल असा आवाज आला. "घड्याळ माझ्याकडे असल्यामुळे मला कळतंय, तुम्हाला कळत नसेल."

"निघालोच. पण मास्तर, सातच परत येतील. एक माझ्या वडिलांना लागणार."

"कुणाचा?"

"डागाचा."

"म्हणजे माझा," मास्तर म्हणाले. "मग मला वर्तमानपत्र कोण वाचून दाखवणार?"

बाबांनी चपला शोधायला सुरुवात केली होती. "मी येतो म्हणून सांग," ते म्हणाले. "विरामचिन्हांसकट चालेल का विचार."

निघताना ताईनं पर्स उघडून सुईदोऱ्याची डबी काढली. निळा दोरा होता, आईच्यासारखा अगदी तोच नाही, थोडा फिका. तिनं आईच्या चष्म्याच्या काडीला, बिजागरीपाशी, मोजून पाच वेढे दिले आणि टोक दातांनी तोडलं. बाबा समोर उभे राहून बघत होते. बघताना त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला आणि त्यांनी खिसा बोटानं जरासा उघडून धरला. आपण असं करतोय हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसलं नाही.

ताईनं त्या खिशाकडे पाहिलं, मग हातातल्या चष्म्याकडे, आणि चष्मा खिशात सोडला.

बाबा जिना उतरायला लागल्यावर नीटस हळूच म्हणाला, "ताई, तुला हवा होता ना तो?"

"मी कुठे म्हटलं?" ताईनं पर्स तशीच बंद केली. "मला काही नको, असंच म्हणाले होते मी."